पदर लागला तरी

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली होती आणि मी खिडकीजवळची जागा धरून बसलो होतो. पुढच्या बाकावरच्या बाईंचा पदर वाऱ्याने उडाला आणि माझ्या डाव्या हाताला घासून गेला. झालं ते एवढंच. पण मी असा कळवळून ओरडलो की कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. बाईंनी पदर ओढून घेतला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय झालं हो सर? नुस्ता पदर तर लागला." खरंच नुसता पदर होता, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला. मला मात्र कुणी निखारा टेकवल्यासारखं झालं होतं. मी शरमलो, काही नाही म्हणालो, हात मांडीवर घेतला आणि बघत राहिलो. मनगटाच्या थोडं वर बिब्ब्याचा फोड होता, लालबुंद, पाणी धरलेला, गेल्या रविवारी गावाकडे नागुआत्याच्या हातून तेलाचा थेंब सांडला त्याचा. पण पदर फोडाला लागलाच नव्हता. लागला होता त्याच्या चार बोटं वर, कोपराच्या बाजूला, आणि तिथली कातडी अगदी धडधाकट होती. लाली नाही, सूज नाही, ओरखडाही नाही. मग ओरडलो कशाला? मी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक केलं आणि कोपरापासून खाली हळूहळू ओढत आणलं. कापड, कापड, नुसतं कापड, आणि मग एका जागी एकदम आग. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच आग. मी बॉलपेन काढलं आणि त्या जागी एक टिंब दिलं. मग बाजूने, मग आतल्या अंगाने, टिंब टिंब करत फोडाभोवती एक मोठं कडं तयार झालं, फोड तर त्याच्या मधोमध सुपारीएवढा. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गोंदून घेऊन राहिला काय, साहेब?" मी हसलो. गाडी सुटली होती, देगलूर नाक्याचा धुरळा आत येत होता, आणि मला उठून उभं राहावंसं वाटत होतं. कारण या कड्याच्या आतलं दुखणं कातडीत नव्हतंच. कातडी चांगली होती. ते दुखणं माझ्या पाठीच्या कण्यात तयार होत होतं, आणि माझी माय दोन महिने जे सांगत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

माय, म्हणजे सरजाबाई सोनकांबळे, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात माझी वाट बघत होती. आज तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कापून काढायचं होतं. मुखेडकडच्या आमच्या गावाजवळ रोजगार हमीवर रस्त्याचं काम निघालं होतं, हे दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि माय तिथे खडी फोडायला जायची. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, सिंधूला, माझ्या धाकट्या बहिणीला, लातूर नवीन जिल्हा झाल्याने तिथल्या कलेक्टर कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली, तरी माय कामावर जायची. घरी बसून काय करू, म्हणायची. पावसाळ्यानंतर कधीतरी बोटावर दगड आला. बोट चेचलं, सुजलं, ड्रेसिंग झालं, जखम भरली. एक्स-रे फोटोत हाड जुळलेलं दिसलं. आणि मग ते दुखणं बोटातून तळहातावर, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून वर चढत गेलं. सूज उतरली तसं दुखणं वाढलं. हे उलटंच काहीतरी होतं. मुकादम म्हणाला, मास्तरची माय हाय, आता कशाला खडी फोडती. बायका म्हणाल्या, भरलेली जखम कुठं दुखती काय. माय सांगायची, "पदर लागला तरी दुखतंय गं. वारं लागलं तरी दुखतंय." आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघायच्या, कारण पदर लागून कुणाला दुखत नाही. सिंधूसुद्धा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "दादा, मायला आता आराम पाहिजे, पण तिला तसं म्हणता येईना, म्हणून हे." ती प्रेमानेच म्हणाली होती. शेवटी मायनेच उत्तर काढलं. बोटच काढून टाका. कुणी समजावलं तर पाठ फिरवून बसायची, आणि तिच्या हट्टापुढे डॉक्टरही तयार झाले.

लोह्याच्या पुढे रस्ता उखडलेला होता आणि गाडी आदळत होती. प्रत्येक आदळ्याला मी हात छातीशी धरायचो, आणि तरीही मनातून उड्या मारत होतो. गेल्या उन्हाळ्यात हैदराबादला उजळणी वर्गाला गेलो होतो. दुपारी जेवणानंतरचं व्याख्यान, निम्मा वर्ग पेंगलेला, आणि एक बारीक अंगाचे प्राध्यापक फळ्यावर मज्जारज्जूचा आडवा छेद काढून सांगत होते की विलायतेत नवे प्रयोग झालेत उंदरांवर. पंजाला इजा केली की मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या पेशी जागसूद होतात. आधी ज्या पेशी जोराच्या चिमट्यालाच उठायच्या, त्या नुसत्या स्पर्शाला उठतात. आधी ज्या एका बोटाचंच ऐकायच्या, त्या शेजारच्या चांगल्या कातडीचंही ऐकू लागतात. मी ते वहीत उतरवलं होतं आणि विसरलो होतो. उतरवलेलं सगळं कळतं थोडंच? आम्ही मुलांना काय शिकवतो, तर कातडीकडून निरोप निघतो, मज्जारज्जूतून जातो, मेंदूला पोचतो. जणू मज्जारज्जू म्हणजे नुसती तार. आणि हे शिकवतानाच डोकं काढलेल्या बेडकाच्या कुशीवर आम्लाचा कागद ठेवून दाखवतो, आणि तो बिनडोक बेडूक मागचा पाय उचलून कागद नेमका पुसून टाकतो. मुलं खूश होतात. कागद सौम्य आम्लाचा असेल तर बेडूक लगेच हलत नाही. बारीक बारीक टोचणी जमा होत जाते आणि मग पाय उठतो. म्हणजे मज्जारज्जू ऐकतो, साठवतो, ठरवतो. माझ्या डोळ्यांदेखत दर वर्षी ठरवतो, आणि मी दर वर्षी फळ्यावर तार काढतो. यंदा तर बेडूकही नव्हते. मुदखेडकडून ते आणून देणारा माणूस हात हलवून म्हणाला होता, तळीच न्हाईत सर, बेडकं कुठली. प्रयोग तोंडीच उरकला.

बेडकाच्या मागोमाग मला आमची गल्ली आठवली. गेल्या रविवारी गावात होतो. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. पहिल्या पहिल्यांदा, माय सांगते, टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवायचा तेव्हा बायका घागरी घेऊन निघायच्या. आता सहा महिन्यांत असं झालंय की लांबवर कुठलीही गाडी गुरगुरली की अख्खी गल्ली घागरी घेऊन बाहेर. त्या रविवारी मुखेडची एसटी वळणावर आली आणि साठ-सत्तर घागरी धडाधड बाहेर पडल्या, ज्यांच्या घरी पाणी होतं त्यांच्याही. एका पोराचा पाय चिरडला. एसटीने काय केलं होतं? काही नाही, ती तिच्या रस्त्याने चालली होती. आणि बायका काय सोंग करत होत्या? मुळीच नाही. तहान खरी होती, धाव खरी होती, आरडाओरडा खरा होता. फक्त गल्ली आता एसटीचा आवाज आणि टँकरचा आवाज वेगळा करत नव्हती. अहमदपूरच्या अलीकडे, बाभळीच्या रिकाम्या झाडांकडे बघताना हे डोक्यात आलं आणि मी मांडीवर थाप मारली, दुखऱ्या हाताने, आणि पुन्हा कळवळलो. म्हातारा सरकून बसला.

मग दुसरी गोष्ट सुचली आणि ती इतकी सरळ होती की मला घाम फुटला. बिब्बा. नागुआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मायवर तिचा जीव. बिब्बा सुईत टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे, दुखणं बाहेर निघतं, ही आमच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची रीत. दर रविवारी ती मायच्या मनगटावर ठिपक्यांची ओळ काढायची. ठिपक्यांची आग व्हायची, त्या आगीत जुनं दुखणं दिवसभर मुकं व्हायचं, माय म्हणायची, "लई बरं वाटलं." दोन दिवसांनी मनगट फुगायचं, फोड यायचे, फोड सुकेपर्यंत पुढचा रविवार. दगडाने चालू केलेली सूज कधीच संपली होती. मग मायच्या कण्याला जागं ठेवायला गल्लीच्या तोंडाशी दर रविवारी भोंगा कोण वाजवत होतं? आत्या. मायेने, दिवा हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून. आणि आम्ही सगळे बोटाकडे बघत होतो. बोट कापून काय होणार होतं? बोट गेलं असतं, मनगट पुन्हा दुखलं असतं, पुन्हा बिब्बा पडला असता. मग हात कापा म्हणाली असती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. चाकूरला गाडी चहाला थांबली, सगळे उतरले, मी उतरलो नाही. उतरलो तर डोक्यात जमलेलं सांडेल असं वाटत होतं.

दवाखाना गंजगोलाईच्या बाजारपेठेच्या मागच्या बाजूला होता. व्हरांड्यात पेशंटची गर्दी, बाकं भरलेली, आणि माय भिंतीशी जमिनीवर बसलेली, उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्यावर डावा हात छपरासारखा धरून. हात झाकायचा, पण लावायचा नाही. हे मी दोन महिने बघत होतो आणि आज पहिल्यांदा पाहिलं. सिंधू अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मी मायसमोर बसलो आणि धापा टाकत सांगून टाकलं, "माय, बोट कापायचं न्हाई. दुखनं बोटात न्हाईच. पाठीच्या कण्यात हाय."

मायने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा बंद झाला की मला वाटलं दार लावलं. "तू बी?" ती म्हणाली. एवढंच.

माझी चूक लगेच कळली. तिने काय ऐकलं होतं? बोटात दुखणं नाही. हेच तर मुकादम म्हणत होता. मी माझ्या आनंदाच्या भरात तेच वाक्य लातूरपर्यंत घेऊन आलो होतो, वर पदवीचा शिक्का मारून. माझ्यातला सगळा वारा गेला. मी बाही वर केली, निळं कडं दाखवलं, म्हणालो, "माय, मला पदर लाव. हितं." तिला काही कळेना. मी तिच्या डाव्या हातात तिचाच पदर दिला आणि हात पुढे केला. तिने नको नको म्हणत पदराचं टोक कड्याच्या आत फिरवलं, आणि मी दातावर दात दाबूनही ओरडलो. व्हरांडा आमच्याकडे वळला. मायने माझा हात जवळ ओढला, डोळे बारीक करून कातडी निरखली, बोट न लावता. "हितं तर काईच न्हाई," ती म्हणाली. "हाव. काईच न्हाई. तरी दुखतंय," मी म्हणालो. ती बराच वेळ कधी माझ्या हाताकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सिंधूने तोंड फिरवलं. ती पदराने नाक पुसत होती.

डॉक्टर बिराजदार माझ्याच वयाचे, पण नव्या जिल्ह्यात नवा दवाखाना टाकल्यामुळे पोक्त झालेले. आत टेबलाशी मी त्यांना सगळं ओतलं, उंदीर, बेडूक, टँकर, बिब्बा. ते पेन बंद करत, उघडत ऐकत होते. मग म्हणाले, "सर, मला हे पुस्तकात नव्हतं. पण तपासायला सोपं आहे. बोट कापण्याआधी मी ते बधिर करतोच. आज नुसतं बधिर करू. बधिर बोट म्हणजे कापलेलं बोट, तेवढ्यापुरतं. बघू दुखणं जातं का." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इतकी साधी गोष्ट, आणि बसमध्ये मला सुचली नव्हती.

मायला टेबलावर झोपवलं. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई गेली तेव्हा ती कण्हली नाही, छताकडे बघत राहिली. थोडा वेळ गेला. सिंधूने माझ्या पाठीवर हात ठेवला. दुखणं गेलं असतं तर? तर माझं सगळं शास्त्र एसटीतली वटवट, आणि बोट बादलीत. डॉक्टरांनी सुईने बोटाचं टोक टोचलं. "काही?" "काई न्हाई." जोरात टोचलं. रक्ताचा ठिपका आला. "मेल्यासारखं झालंय," माय नवलाने म्हणाली. मग त्यांनी कापसाचा बोळा सोडवून पिंजला, अगदी म्हातारीच्या कापसाइतका हलका केला आणि मनगटाच्या वर, जिथे फोडही नव्हता तिथे, फिरवला. माय टेबलावरून अर्धी उठली. तिच्या घशातून निघालेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांचा हात मागे झाला. त्यांचा चेहरा उतरला होता, मला मात्र आनंद झाला होता, माझ्या मायच्या किंकाळीचा आनंद, आणि हे मी लपवत नाही.

"बोट गेलं तरी दुखणं राहणार, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुमचं मनगट आधी शांत करायचं. बिब्बा बंद म्हणजे बंद. मी गोळ्या देतो. हळूहळू कमी होईल. किती दिवसांत, ते मला सांगता येणार नाही."

माय उठून बसली. डोक्यावरचा पदर डाव्या हाताने सारखा केला. मग शांतपणे म्हणाली, "तरी बी कापा."

मी म्हणालो, "माय, आत्ता बगितलंस ना. बोटाचा काई संबंध न्हाई."

"बगितलं की. मला समजलं ते. तुझ्यापरीस आदी समजलं, मलाच दुखतंय ना." ती माझ्याशी नाही, डॉक्टरांशी बोलत होती. "पन साहेब, आतलं दुखनं तुमाला समजलं, ह्याला समजलं. मी आता गावात जानार. तितं मी काय सांगू? कण्यात दुखतंय म्हनू? हसतेत लोकं. बोट तुटलेलं असलं तर दिसतंय तरी. मंग कुनी काई म्हनत न्हाई. बाईचं बोट गेलं म्हंतेत, पानी देतेत, जागा देतेत. दोन महिने झाले, माझ्या बोटाला कुनी विचारलं न्हाई."

मी भिंतीला टेकलो. सकाळपासून मी ज्याच्यासाठी नाचत होतो ते सगळं खरं होतं, आणि मायला पाहिजे होतं ते दुसरंच होतं. दुखणं थांबवण्यासाठी ती बोट द्यायला निघाली नव्हती. दुखणं दाखवण्यासाठी निघाली होती. हे ना मज्जारज्जूच्या छेदात होतं ना उंदरांच्या प्रयोगात. सिंधू पुढे झाली, मायच्या पायाशी बसली आणि तिने कपाळ मायच्या गुडघ्यावर टेकवलं. "मी म्हणाले होते गं तसं," ती म्हणाली. माय म्हणाली, "मला ठावं हाय."

डॉक्टर बिराजदारांनी ट्रेमधलं सामान बाजूला सारलं. खुर्ची ओढून मायच्या समोर बसले. "बाई, कापणार तर मी नाही. पण दिसंल असं बांधून देतो. चालतंय?"

"कसं दिसंल?"

"लांबून."

त्यांनी कापसाचे थर आणवले. आधी हाताभोवती एक पोकळ पन्हळ ठेवली, म्हणजे काहीही कातडीला घासणार नाही, मग तिच्यावर कापूस, मग पांढरी पट्टी, गुंडाळी संपली की दुसरी. काम करता करता मला म्हणाले, "रोज संध्याकाळी सोडून बोटं हलवायला लावा, नाहीतर सांधे धरतील. पुन्हा असंच बांधा. आणि एवढ्यातून कुणाला बिब्बा घालता येणार नाही." माय आपला हात मोठा मोठा होताना बघत होती. पट्टी मनगटाच्या वर आली तेव्हा त्यांनी कात्री घेतली. "थांबा," माय म्हणाली. "कोपरापतोर घ्या की." त्यांनी कात्री ठेवली आणि कोपरापर्यंत घेतलं. वर गळ्यात पांढरी झोळी बांधली. मायने आपला डावा हात खाली घेतला. कितीतरी दिवसांनी तो डावा हात तिला स्वतःसाठी मोकळा मिळाला होता.

आम्ही व्हरांड्यात आलो. मी पुढे होतो, कागदात बांधलेल्या गोळ्या माझ्या हातात. मागे वळून बघतो तर माय थांबली होती. बाकावर औशाकडची एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मायचा हात बघितला, लगेच पोराला उचललं, सरकली आणि म्हणाली, "बसा मावशे, बसा. किती मोठं लागलंय हो. काय झालं?" माय बसली. तिने झोळी जराशी पुढे घेतली, बाईला नीट दिसेल अशी. सिंधू मला खुणावत होती, रिक्षा उभी आहे म्हणून. मी तिला हाताने थांब म्हणालो. बाकावरच्या आणखी दोघीजणी माना वळवून बघत होत्या.

"तसं लई मोठं हाय बगा," माय म्हणाली, आणि दगड पडला त्या दिवसापासून सांगू लागली.